अठराशे मिली गेले, पण जेवण किती गेलं? घरच्या नळी-आहाराचं एक प्रकरण

रुग्ण ६८ वर्षांच्या आजी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं जवळजवळ बंद झालं आणि गिळताना घास श्वासनलिकेकडे जाऊ लागला. दवाखान्यात १२ दिवस काढून, नाकातली नळी तशीच ठेवून त्या घरी आल्या. घरी आल्याच्या २४व्या दिवशी त्यांना परत भरती करावं लागलं. अंगात ताप, छातीत घरघर, दिवसभर गुंगी. वजन ५० किलोवरून ४७ वर आलेलं.

हे चित्र कोणा एका कुटुंबाचं नाही. नळी घेऊन घरी गेलेल्या रुग्णांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका प्रकरणात बसवलं आहे.

घरच्यांनी हयगय केली म्हणून हे झालं, असं अजिबात नव्हतं. सूनबाई एक वही घेऊनच आल्या होत्या. डिस्चार्ज कार्डवर एक ओळ होती, ‘आर.टी. फीड २०० मिली, दर दोन तासांनी’ (आर.टी. म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातली नळी), आणि वहीत त्या ओळीचं तंतोतंत पालन होतं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत नऊ वेळा, प्रत्येक वेळी २०० मिली, समोर टिकमार्क. एकही फीड चुकलेला नाही. रोजचे १८०० मिली. फक्त त्या मिलीत काय होतं, हे कार्डवर कुणी लिहून दिलं नव्हतं आणि नंतर कुणी विचारलंही नव्हतं.

आहारतज्ज्ञांनी वहीतला एक साधा दिवस घेतला आणि प्रत्येक पातेल्यात काय, किती पडलं होतं ते सूनबाईंना विचारून हिशेब मांडला :

सकाळी ६ : निम्मं दूध, निम्मं पाणी असा चहा, साखर दोन चमचे. सुमारे १०५ किलोकॅलरी, प्रथिने ३ ग्रॅम.
८ : नाचणीची पेज, एक मोठा चमचा पीठ. ३३ किलोकॅलरी, प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत.
१० : भाताची पेज, गाळून. ५० किलोकॅलरी, १ ग्रॅम.
१२ : डाळीचं वरचं पाणी. २७ किलोकॅलरी, २ ग्रॅम.
२ : शहाळ्याचं पाणी. ३८ किलोकॅलरी, प्रथिने नाहीत म्हटलं तरी चालेल.
४ : दूध, निम्मं पाणी घालून, एक चमचा साखर. ८५ किलोकॅलरी, ३ ग्रॅम.
६ : मोसंबीचा रस. ८५ किलोकॅलरी, १ ग्रॅम.
८ : भाज्यांचं सूप, दोनदा गाळून. २५ किलोकॅलरी, १ ग्रॅम.
१० : दूध, पाणी न घालता, दोन चमचे साखर. १७० किलोकॅलरी, ६ ग्रॅम.

बेरीज ६२० किलोकॅलरीच्या आसपास, प्रथिने १८ ग्रॅम. आजींच्या वजनाच्या माणसाला दर किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी धरल्या तर १२५० ते १५०० लागतात. प्रथिने किलोमागे १.२ ग्रॅम धरली तरी ६० ग्रॅम. म्हणजे उष्मांक गरजेच्या निम्म्याहून कमी आणि प्रथिने तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातही सगळ्या दिवसाचं वजन ज्याने पेललं, तो रात्रीचा कपभर दुधाचा फीड होता. बाकी आठ मिळून ४५०.

असं का होतं, हे स्वयंपाकघरात उभं राहिलं की लगेच कळतं. नळी अडकेल या धास्तीने प्रत्येक पदार्थ आधी पातळ केला जातो आणि मग गाळला जातो. गाळणीवर जो चोथा राहतो तेच खरं जेवण असतं, खाली पातेल्यात उतरतं ते जेवणाच्या वासाचं पाणी. डाळीचं वरचं पाणी, पेज, सूप, शहाळं हे सगळं आजारी माणसाला ‘हलकं’ म्हणून द्यायची आपली जुनी रीत आहे. दोन दिवसांच्या तापात ती चालून जाते. तीन आठवडे तोंडाने घासच जात नसेल, तर त्याच हलकेपणाने माणूस वाळतो.

गुंगीचं कारण मात्र वेगळं निघालं. रक्तातलं सोडियम १२६ होतं, असायला हवं १३५ ते १४५. आजींना रक्तदाब, म्हणून घरच्यांनी सगळे फीड अळणी ठेवले होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, जे सोडियम बाहेर टाकतं. वर रोज १८०० मिली पाणीदार द्रव. या तिन्हींचं मिळून सोडियम उतरलं. घरच्यांना वाटलं, पुन्हा झटका आला. सीटी स्कॅनमध्ये नवीन काही नव्हतं. ती गोळी बदलली, फीडमध्ये मोजून मीठ सुरू केलं आणि सोडियम हळूहळू वर आणलं. २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढू द्यायचं नसतं, कारण ते झपाट्याने वाढलं तर मेंदूच्या बुंध्यालाच इजा होते. चौथ्या दिवशी आजी हाक मारल्यावर डोळे उघडून बघू लागल्या.

आता छातीतली घरघर. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया होता, आणि त्याच एक्स-रेत त्याचं एक कारणही दिसत होतं.

राइल्स ट्यूब म्हणजे साधारण १०५ सेंटिमीटर लांबीची पीव्हीसीची नळी. जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरच्या नावावरून तिला हे नाव पडलं. टोकाला आत धातूचे बारीक मणी सीलबंद असतात. त्यांच्या वजनाने नळी खाली उतरायला मदत होते आणि एक्स-रेत टोक कुठं आहे ते दिसतं. पण अन्न टोकातून बाहेर पडत नाही. ते टोकाच्या वर, नळीच्या कडेला असलेल्या छिद्रांतून पडतं. आजींच्या एक्स-रेत मणी जेमतेम जठराच्या तोंडापाशी होते. म्हणजे वरची छिद्रं अजून अन्ननलिकेतच. प्रत्येक फीडचा काही भाग जठरात न जाता अन्ननलिकेत पडत होता आणि तिथून घशाकडे परत यायला वाट मोकळी होती.

पहिल्या दवाखान्यात नळी घालताना नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मापून ५६ सेंटिमीटरवर ती चिकटवली होती. घरी १५व्या दिवशी आजींनी चांगल्या डाव्या हाताने ती ओढून काढली. जवळच्या एकाने नवीन नळी घातली, सिरिंजने हवा मारली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ‘गुर्र’ ऐकलं आणि पट्टी लावली. किती लांबी आत गेली, हे लिहिलंच नाही. दवाखान्यात मोजली तेव्हा नाकपुडीशी ४६ भरली. दहा सेंटिमीटर कमी.

हवेचा आवाज ऐकणं ही पद्धत आजही सर्रास चालते, आणि ती फसवते. नळी अन्ननलिकेत असो, जठरात असो की फुप्फुसात, हवेचा आवाज पोटावर पोचतो. नळीचं बाहेरचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं तेवढंच बिनभरवशाचं. नळी घातल्यावर पहिला फीड देण्याआधी एक्स-रे हाच पक्का पुरावा. नाहीतर सिरिंजने ओढून आलेल्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी यायला हवा. पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर नळी जठरात असूनही पीएच जास्त दिसू शकतो. अशा वेळी पट्टीवर विसंबून अंदाज बांधत बसू नये, एक्स-रे काढावा. घरी रोजच्या रोज एक्स-रे शक्य नाही, म्हणून नाकपुडीला लागूनच नळीवर पक्क्या शाईची एक खूण करायची आणि प्रत्येक फीडआधी ती बघायची. खूण नाकापासून लांब सरकलेली दिसली तर फीड थांबवायचा. बाहेर आलेली नळी अंदाजाने आत ढकलून पट्टी बदलायची नाही.

नवी नळी १२ फ्रेंचची पॉलियुरेथेनची निवडली. फ्रेंच हे जाडीचं माप, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. आधीची १६ फ्रेंचची, म्हणजे ५ मिलिमीटरहून जाड, आणि पीव्हीसीची होती. पीव्हीसी जठराच्या आम्लात आठ-दहा दिवसांत कडक होऊ लागतं. पॉलियुरेथेन मऊच राहतं आणि चार ते सहा आठवडे टिकतं. ८ किंवा १० फ्रेंच अजून सुखाची, पण त्यातून मिक्सरमधलं घरचं जेवण जात नाही, तिला डब्यातली तयार पावडरच लागते. इथे घरचंच द्यायचं होतं, म्हणून १२. नळी या खेपेला डाव्या नाकपुडीतून घातली, कारण उजव्या नाकपुडीच्या कडेला पट्टीच्या ताणाने मसुराएवढी जखम झाली होती. पट्टी नाकाच्या शेंड्यावरून खाली उतरवून नळीभोवती गुंडाळायची, नळी नाकपुडीला टेकून वर ओढली जाऊ नये, आणि बाकीची नळी गालावरून कानामागे न्यायची. पट्टी रोज बदलायची.

भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी सूनबाईंना सांगितलं, “ताई, तुम्ही घरी जसं देता तसं इथं एकदा देऊन दाखवा. आम्ही मध्ये बोलणार नाही.” त्या दहा मिनिटांत जे दिसलं ते कार्डवरून कधीच कळलं नसतं.

आजींच्या डोक्याखाली एक उशी. मान पुढे वाकली, पण पाठ पलंगाला सपाटच. सिरिंजमध्ये ५० मिली भरून दट्ट्या लावून ढकललं, आणि चार वेळा असं करून तीन-साडेतीन मिनिटांत २०० मिली आत. मध्ये नळी न चिमटता सिरिंज काढली, त्यामुळे प्रत्येक वेळी हवेचा घोट आत गेला. शेवटी पाणी आठ-दहा मिली. आणि लगेच, “आईंचं डायपर बदलून घेते,” म्हणून त्यांना कुशीवर वळवलं. भरलेलं पोट, सपाट पाठ आणि वर वळवणं, या तिन्हींनी अन्न वर यायला जेवढी मदत करता येईल तेवढी झाली.

नवीन रीत अशी ठरली. डायपर, अंग पुसणं, कुशी बदलणं, कफ काढायचा असेल तो काढणं, हे सगळं फीडच्या आधी. मग कंबरेपासून वरचं अंग ३० ते ४५ अंशांवर. घरी फाउलर बेड, म्हणजे पाठ वर उचलता येणारा दवाखान्यातला पलंग, नव्हता. गादीखाली पाठीच्या बाजूला दुमडलेली सतरंजी आणि दोन लोड, आणि गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे आजी खाली घसरत नाहीत. खूण बघायची. सिरिंजने हलकेच ओढून पोटात आधीचं किती उरलं ते बघायचं. २०० मिलीपेक्षा जास्त आलं तर ते परत आत सोडून तासभर थांबायचं. त्याहून कमी आलं आणि पोट मऊ असेल, उलटी नसेल, तर फीड रोखायचं कारण नाही. आलेला रस टाकून द्यायचा नाही, कारण त्याच्याबरोबर पोटातले क्षारही जातात. फक्त त्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं तर थांबून डॉक्टरांना कळवायचं. मग ३० मिली कोमट पाणी. दट्ट्या बाजूला काढून ठेवायचा. सिरिंजची नुसती नळकांडी नाकाच्या वर वीतभर धरायची आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं. २५० मिलीला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. जोरात उतरत असेल तर सिरिंज खाली आणायची, थांबलं असेल तर थोडी वर न्यायची. सिरिंज पूर्ण रिकामी होण्याआधी पुढचं ओतायचं, थांबायचं असेल तर नळी चिमटायची. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, टोपण बंद, आणि पुढचा पाऊण ते एक तास डोकं खाली करायचं नाही. खोकल्याची उबळ, चेहरा निळसर होणं, उलटी यांतलं काहीही झालं तर त्या क्षणी नळी चिमटून फीड थांबवायचा.

पाठ उंच ठेवून आणि नळी जागेवर बसवूनही न्यूमोनियाचा धोका शून्यावर येत नाही. नळी अन्नाला वाट काढून देते, लाळेला नाही. स्वतःची लाळ श्वासनलिकेत उतरणं चालूच राहतं, आणि त्या लाळेत तोंडातले जंतू असतात. आजी तोंडाने खात नाहीत म्हणून २४ दिवस दात कुणी घासलेच नव्हते. टाळूवर वाळलेल्या कफाचा पापुद्रा धरला होता. आता दिवसातून तीन वेळा मऊ ब्रश आणि ओलं गॉज, कवळी काढून वेगळी धुवायची. आमच्या मते न्यूमोनिया टाळण्यासाठी महागड्या पावडरपेक्षा ही पाच मिनिटं जास्त कामाची.

औषधांचा घोळ वेगळाच होता. सकाळच्या पाच गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून दुधात कालवून दिल्या जात होत्या. त्यातली एक रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉलची, २४ तास हळूहळू विरघळणारी. कुटल्यामुळे दिवसभराचा डोस एकदम रक्तात गेला. सकाळी दहाला नाडी ४८, आणि संध्याकाळी रक्तदाब १७० च्या वर. जागी साधी मेटोप्रोलॉल, दिवसातून दोनदा. ऍस्पिरिनच्या गोळीवर आतड्यातच विरघळावं म्हणून आवरण होतं, ते कुटण्यात गेलं. ती बदलून पाण्यात विरघळणारी दिली. पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी. ती कुटली की जठरातलं आम्लच तिला निकामी करतं, म्हणजे देऊन न दिल्यासारखी. तिची गरज पुन्हा तपासली आणि ती बंद केली. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, एक्सएल असं काही असेल किंवा गोळीवर चकचकीत आवरण असेल तर कुटण्याआधी विचारायचं. बाकीची प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, १५ मिली पाण्यात वेगळी द्यायची, दोन गोळ्यांमध्ये पुन्हा १५ मिली पाणी. फीडमध्ये किंवा दुधात औषध कालवायचं नाही. फिटसाठी फेनिटॉइन चालू असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ते फीडबरोबर नीट शोषलं जात नाही, त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन तास फीड बंद ठेवावा लागतो. आजींना ते नव्हतं.

आता वाटेल, हिशेब कळला, दुसऱ्या दिवसापासून १४०० किलोकॅलरी सुरू करा. तसं केलं नाही. तीन आठवडे अर्धपोटी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं, की इन्शुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचले जातात. रक्तातली पातळी इतकी कोसळू शकते की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. आजींचं फॉस्फेट आधीच २.१ होतं, कमीत कमी २.५ हवं. पोटॅशियमही कमी, ३.२. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) १०० मिग्रॅ दिलं आणि मगच सलाइनमधून ग्लुकोज लागेल ते. थायमिन पुढे आठवडाभर रोज. अन्न पहिले दोन दिवस ७०० किलोकॅलरी, मग दर दीड-दोन दिवसांनी २०० वाढवत आठव्या दिवशी पूर्ण. क्षार पहिले चार दिवस रोज तपासले.

पोटॅशियम वाढवायला सुरू केलेल्या सिरपने मात्र एक चकवा दिला. सहाव्या दिवशी आजींना पाच जुलाब झाले आणि सगळ्यांनी नव्या फीडकडे बोट दाखवलं. पोटॅशियम क्लोराइडचं सिरप फार तीव्र असतं आणि इथे ते जसंच्या तसं नळीतून दिलं जात होतं. आतड्यात गेल्यावर ते पाणी ओढून घेतं. तेवढाच डोस १०० मिली पाण्यात मिसळून दोनदा विभागून दिला, जुलाब थांबले. नळीच्या रुग्णाला जुलाब झाले की आधी औषधांची यादी बघावी. अँटिबायोटिक, गोड सिरपमधलं सॉर्बिटॉल, पोटॅशियम. मग भांड्यांची स्वच्छता, फीडचा वेग, थंड फीड. फीडमधल्या अन्नाचा दोष सगळ्यात शेवटी निघतो.

घरी न्यायचा फीड ठरला तो असा. दिवसभराचं मिश्रण १५०० मिली. त्यात टोन्ड दूध ७५० मिली, साय काढलेल्या दुधाची पावडर ३० ग्रॅम, मूग डाळ ५० ग्रॅम, तांदूळ ४० ग्रॅम, मोड आणलेल्या नाचणीचं पीठ ३० ग्रॅम, दोन उकडलेली अंडी, तेल २५ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम. सगळं मिळून कागदावर १४४० किलोकॅलरी, प्रथिने ६३ ग्रॅम. गाळणीवर थोडं राहतंच, तरी साडेतेराशेच्या खाली येत नाही. अंडं चालत नसेल त्या घरी त्या जागी आणखी ३० ग्रॅम दूध पावडर. मधुमेह असेल तर साखर नाही, आणि उरलेल्याचा हिशेब पुन्हा मांडायचा. जीवनसत्त्वांचे थेंब वेगळे.

यात खरा खेळ घट्टपणाचा. एवढी डाळ-तांदूळ-नाचणी १५०० मिलीत शिजवली तर गार होताना खिमट बनतं आणि नळीत उतरत नाही. पाणी वाढवलं की पुन्हा जुनं रडगाणं. उपाय त्या मोडाच्या पिठात आहे. नाचणी रात्रभर भिजवून, एक-दोन दिवस फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, अगदी मंद आचेवर नुसती कोरडी करून दळायची. मोड येताना धान्यात पिठूळ भाग तोडणारं एन्झाइम तयार होतं. खमंग भाजलं की ते मरतं, म्हणून सत्त्व म्हणून बाजारात मिळणारं छान भाजलेलं पीठ इथे उपयोगाचं नाही. डाळ-तांदूळ चार-पाच शिट्ट्यांत अगदी मऊ शिजवून घोटायचे. बोटाला चटका बसेल इतपत गरम असताना, पण उकळतं नसताना, त्यात मोडाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून घालायचं आणि झाकून ठेवायचं. दहा मिनिटांनी पळी वर धरली तर मघाशी गोळ्याने पडणारं मिश्रण धारेने पडतं. उष्मांक तेवढेच, पाणी न वाढवता पातळ. मग पुन्हा दोन मिनिटं चांगलं उकळवायचं, दूध, दूध पावडर, तेल, साखर, मीठ, अंडी घालून मिक्सरमध्ये फिरवायचं आणि बारीक गाळणीतून काढायचं.

मिश्रण सकाळी आणि संध्याकाळी असं दोनदा, ७५० मिली प्रत्येकी. लगेच गार करून फ्रिजमध्ये. लागेल तेवढं २५० मिली काढून, भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं टाकून द्यायचं. वेळा सकाळी ७, १०, दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १०. आधी-नंतरचं पाणी ३६० मिली, औषधांबरोबरचं वेगळं, आणि फीडमधलं पाणी, मिळून १६००-१७०० मिली होतं. उन्हाळ्यात दुपारी दोनशे जास्त.

घरी परतल्यावर दहाव्या दिवशी नळी तुंबली. कारण ठराविक : १०च्या फीडनंतर लाइट गेली आणि पाणी द्यायचं राहिलं. फोनवर सांगितल्याप्रमाणे सिरिंजमध्ये ३० मिली कोमट पाणी भरून पुढे-मागे हळू हलवलं, टोपण लावून २० मिनिटं थांबलं, पुन्हा हलवलं, तिसऱ्या खेपेला मोकळी झाली. लिंबू किंवा कोल्ड ड्रिंक घालायचं नाही, आम्लाने दुधाची प्रथिने फाटून गोळा अजून घट्ट बसतो. तार घालायची नाही. आणि ५ किंवा १० मिलीच्या छोट्या सिरिंजने जोर लावायचा नाही. सिरिंज जितकी बारीक तितका दाब जास्त, नळी आतल्या आत फुटते.

नाकातली नळी किती दिवस ठेवायची, हा प्रश्न दवाखान्यातच निघाला होता. पक्षाघाताला सात आठवडे होत आले होते. साधारण चार आठवड्यांपेक्षा जास्त गरज दिसत असेल तर पोटातून थेट जठरात घालायच्या नळीचा, पेगचा, विचार करतात. दुर्बिणीच्या मदतीने बसवायची ही पद्धत गॉडरर आणि पोन्स्की यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. पण घाईही बरी नाही. पक्षाघातात पहिल्या काही दिवसांतच पेग घालणं आणि नाकातली नळी यांची तुलना करणाऱ्या ‘फूड’ नावाच्या मोठ्या चाचणीत, २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, पेग घातलेल्यांचं बरं झालेलं दिसलं नाही, उलट मृत्यू किंवा मोठं अपंगत्व जास्त आढळलं. थोरल्या मुलाला “पोटाला भोक” ही कल्पनाच सोसवेना. त्यांचा नकार ऐकून घेऊन प्रश्न वेगळा विचारला : आजींचं गिळणं पहिल्या दवाखान्यातून निघाल्यावर कुणी तपासलं आहे का? कुणीच नाही.

घरी मात्र तोंडाने काहीच नाही असं नव्हतं. धाकटी नात रोज चार चमचे चहा देत होती, “आजी खोकत नाही, म्हणजे जातंय नीट.” पक्षाघातात घशाची संवेदना बोथट होते, आणि चहा श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येत नाही. खुणेचा शब्द खोकला नाही, आवाज आहे. घोट घेतल्यावर आवाज घुळघुळीत, ओला झाला तर काहीतरी स्वरयंत्रावर साचलं आहे. स्पीच थेरपिस्टने आधी असं पलंगाशी, मग नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं. पातळ पाणी श्वासनलिकेत जात होतं. घट्ट दह्याचा अर्धा चमचा मात्र हनुवटी छातीकडे घेऊन, दोनदा गिळायला लावल्यावर स्वच्छ खाली उतरत होता. म्हणून पेग तीन आठवडे लांबणीवर टाकला आणि नाकातली नळी ठेवूनच तोंडाचा सराव सुरू केला. दिवसातून तीनदा, ताठ बसवून, पाच चमचे घट्ट दही किंवा शिजवलेल्या सफरचंदाचा गर. चहा बंद.

वहीत आता मिलीच्या शेजारी दोन रकाने वाढले, किलोकॅलरी आणि नाकाशी खुणेचं माप. वजन दर रविवारी. मुलगा आईला उचलून वजनकाट्यावर उभा राहतो, मग एकटा, आणि वजाबाकी. पहिल्या रविवारी ४७.२, तिसऱ्या रविवारी ४८.१. तोंडाने मऊ भात-वरण, घोटलेली भाजी, दही मिळून १००० किलोकॅलरी सलग चार दिवस गेल्यावर अकराव्या आठवड्यात नळी काढली. त्या आठवड्यात वजन ४८.६ होतं. पाणी आणि चहा अजून घट्ट करूनच दिले जातात. पातळ घोटाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.